गल्लाभरूंची रिळं आधी वाचवा

लालबाग-परळच्या ज्या आवारात व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये राजकमल कलामंदिर उभं केलं, तिथे त्याआधी वाडिया मूव्हीटोन होतं. जागा एकच, पण दोन नावांच्या वाट्याला आलेला मान सारखा नाही. राजकमल म्हटलं की ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘दो आँखें बारह हाथ’ ही नावं आपोआप ओठांवर येतात. त्याच आवारात जेबीएच आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्स या तरुणीला त्यांनी ‘फिअरलेस नादिया’ केलं, तिच्या तोंडावर मुखवटा चढवला आणि हातात चाबूक दिला. एक बाई दरबारातल्या दांडग्या पुरुषांना उचलून आपटते, हे चित्र विकत घ्यायला वितरक धजावले नाहीत, म्हणून वाडियांनी ते भागीदाराच्या मदतीने स्वतःच लावलं आणि ते पंचवीस आठवडे चाललं. कामकरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या या देमार चित्रपटांची आज आठवण निघते ती बहुधा गंमत म्हणून. गल्लाभरू, टुकार, पिटातल्यांचा सिनेमा अशी विशेषणं लावून आपण भयपटांची आणि मारधाडपटांची एक आख्खी परंपरा कडेला सारली. विशेषणांवर भागलं असतं तर वाद घालायचं कारण नव्हतं. पण काय जपायचं आणि काय कुजू द्यायचं हेही याच विशेषणांवरून ठरत आलं आहे. माझं म्हणणं असं की जुन्या चित्रपटांच्या जतनात दर्जाची चाळणी लावूच नये, आणि हाताशी असलेल्या थोड्या वर्षांत अग्रक्रम द्यायचाच असेल तर तो या स्वस्तातल्या चित्रपटांना द्यावा.

असं म्हणण्याचं पहिलं कारण आपल्याच इतिहासात आहे. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण किंवा तुटक स्वरूपात आज जेमतेम तीसेक उरले आहेत. मास्टर विठ्ठल हे नाव त्या काळी मुंबईच्या थिएटरांवर गर्दी खेचत असे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला हा नट पुढे शारदा फिल्म कंपनीच्या तलवारबाजीच्या चित्रपटांचा नायक झाला आणि लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. १९३१ च्या ‘आलम आरा’त नायक व्हायला तो सागर कंपनीकडे गेला तेव्हा शारदाने त्याला कोर्टात खेचलं, आणि त्याची बाजू मांडायला बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. इतकी किंमत असलेल्या नटाची तलवार कशी फिरत होती, त्याची उडी किती लांब पडत होती, हे पाहायला आज जवळपास काहीही शिल्लक नाही. आहेत त्या जाहिराती, थोडी छायाचित्रं आणि नावांच्या याद्या. आता कोणी म्हणेल, बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ तरी कुठे उरला? बरोबर आहे, नायट्रेट फिल्म जळताना गरीब-श्रीमंत पाहत नाही. पण ‘सावकारी पाश’बद्दल लिहिलं गेलं, त्याच्या आठवणी नोंदवल्या गेल्या, आणि तोच विषय पेंटरांनी १९३६ मध्ये बोलपटात पुन्हा केला. देमार मूकपटांबद्दल लिहावं असं फारसं कोणाला वाटलं नाही. त्यांच्या प्रती फाटेपर्यंत गावोगाव फिरल्या आणि उरलेली फिल्म चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. चित्रपट गेला आणि त्याची नोंदही गेली, असं हे दुहेरी नुकसान आहे.

दुसरं कारण कारागिरीचं आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. स्वस्त चित्रपट म्हणजे महाग चित्रपटाची फसलेली नक्कल, हा समज मोडायला एक उदाहरण पुरे. १९४२ मध्ये हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला भयपटांचा छोटा विभाग काढून दिला. अटी अशा होत्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत ठेवायचा, लांबी बेताची ठेवायची आणि नाव स्टुडिओ ठरवेल ते घ्यायचं. पहिलं नाव आलं ‘कॅट पीपल’, म्हणजे मांजरमाणसं. ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टर्नर यांच्याकडे धड राक्षस दाखवण्याइतके पैसे नव्हते. जिना ऑर्सन वेल्सच्या ‘मॅग्निफिसंट अँबर्सन्स’च्या सेटवरचा उरलेला वापरला. मग त्यांनी भीती अंधारात ठेवली. रात्री सुनसान रस्त्यावरून एक बाई चालली आहे, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतो आहे, मग तो आवाज थांबतो. प्रेक्षक श्वास रोखून काळ्या बिबट्याची वाट पाहत असताना फिस्कारत येते ती बस. संकलक मार्क रॉब्सनने जुळवलेला हा धक्का आजही जगभरच्या भयपटांत वापरला जातो आणि त्या धंद्यातले लोक त्याला ल्यूटनच्या बसवरूनच ओळखतात. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात तर भिंतीवर हलणाऱ्या पाण्याच्या कवडशांपलीकडे फारसं काही दिसतच नाही. पैसे असते तर पडद्यावर एक श्वापद आलं असतं आणि दोन वर्षांत ते जुनाट दिसू लागलं असतं.

पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट बनवणाऱ्या जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी १९६८ मध्ये सव्वा लाख डॉलरच्या आत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ उभा केला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, प्रेतं खात असलेलं मांस खाटकाच्या दुकानातलं आणि घर पाडायला काढलेलं. नायकाची भूमिका ड्वेन जोन्स या काळ्या नटाला मिळाली, कारण चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला. पटकथेत त्याच्या वर्णाचा उल्लेखही नव्हता. रात्रभर मुडद्यांशी लढून जगलेला हा माणूस सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो आणि शेवटच्या श्रेयनामावलीत त्याचं प्रेत आकड्यांनी ओढत नेल्याची वर्तमानपत्री छाप असलेली स्थिरचित्रं येतात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती. मोठ्या स्टुडिओचा चित्रपट असता तर हा शेवट बदलायला सांगणारे दहा जण बैठकीत बसले असते. ‘व्हरायटी’सारख्या पत्राने तेव्हा या चित्रपटावर सडकून टीका केली. १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला.

हाँगकाँगच्या मारधाडपटांचा हिशोब वेगळा आहे. क्लिअरवॉटर बे इथल्या शॉ ब्रदर्सच्या वसाहतीत काम कारखान्यासारखं चालायचं. तेच वाडे, तेच पूल, तेच अंगरखे पुनःपुन्हा. पण एक गोष्ट त्यांनी स्वस्तात मिळवली नाही, ती म्हणजे लढणारं शरीर. १९७८ च्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’चा दिग्दर्शक लाउ कार-लिउंग स्वतः कसलेला मल्ल. त्याच्या वडिलांचे गुरू लाम साय-विंग, आणि त्यांचे गुरू वाँग फेइ-हुंग, अशी ती थेट परंपरा. या चित्रपटाचा मोठा भाग मारामारीचा नाहीच, तो शिकण्याचा आहे. हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि हात खाली आले तर दंडांना बांधलेली पाती बरगड्यांत रुततील. एकेक दालन पार करत नायकाचं अंग घडत जातं. ज्याने कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत लाल मातीत जोर-बैठका काढणाऱ्या पोरांकडे बारकाईने पाहिलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कॅमेरा मागे उभा राहतो, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत असतात आणि एकाच दमात दहा-पंधरा डाव होतात. आजच्या अनेक महागड्या मारामाऱ्यांत प्रत्येक ठोशाला दोन तुकडे जोडावे लागतात, कारण ठोसा मारणाऱ्याला तो मारता येत नसतो. शॉ यांच्या चित्रपटांत शरीरविद्येचा असा एक दस्तऐवज आहे जो कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. न्यूयॉर्कच्या फोर्टी-सेकंड स्ट्रीटवरच्या कळकट थिएटरांत ते वाईट डबिंगसह लागत, तिथल्या काळ्या पोरांनी ते आपलेसे केले, आणि वू-टँग क्लॅन या रॅप गटाने आपलं नाव आणि १९९३ मधल्या पहिल्या अल्बमचं शीर्षक अशाच हाँगकाँगी मारधाडपटांतून घेतलं.

आता घरी येऊ. फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं, आडनावाचं ‘रामसे’ तिथेच झालं. सात मुलगे. १९७० मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ साफ आपटला, पण भयंकर मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात त्या प्रसंगाला थिएटरात किंकाळ्या उठत होत्या. मुलांनी ते हेरलं. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यांनी मोजक्या मंडळींना बसमधून महाबळेश्वरला नेऊन, सरकारी विश्रामगृहात राहून, चाळीसेक दिवसांत आणि काही लाख रुपयांत पुरा केला. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगूकडे, ध्वनी किरणकडे, लेखनात कुमार. भाऊ हेच युनिट होतं. भोजनाची व्यवस्थादेखील घरातल्याच बायका पाहत. महागडी रोषणाई किंवा बडा नट परवडत नव्हता, म्हणून त्यांनी निळा-लाल प्रकाश, धुकं, दाराची करकर आणि सह्याद्रीतला खरा काळोख यांवर काम भागवलं. इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांकडून त्यांनी बरंच उचललं हे उघड आहे. पण जे उचललं ते इथल्या मातीत लावलं. क्रूसाच्या जागी त्रिशूळ आला एवढ्यावर ते थांबलं नाही. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी हा सैतान राजघराण्याला शाप देतो की या घरातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. त्याचं मुंडकं हवेलीत पेटीबंद आहे, धड जुन्या देवळाजवळ पुरलेलं आहे, आणि शहरात राहायला आलेला ठाकूर मुलीचं प्रेम मोडायला निघाला आहे, कारण त्याला हे ठाऊक आहे. पूर्वजांनी केलेलं भिंतीत चिणून ठेवायचं आणि लेकींनी ते भोगायचं, ही गोष्ट जमीनदारी कायद्याने संपवलेल्या देशात लाखोंनी तिकीट काढून का पाहिली असेल, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केला नाही. सामरी झालेला उंचापुरा अजय अग्रवाल रुरकीत शिकलेला इंजिनिअर होता. त्याचा चेहरा मात्र अख्ख्या पिढीच्या झोपेत शिरला.

या बाजूने जितकं बोलावं तितकंच विरुद्ध बाजूचं ऐकायला हवं. सर्वांत सरळ आक्षेप असा की यांतले बहुतेक चित्रपट वाईट आहेत. आहेतच. ‘पुराना मंदिर’मध्येच ‘शोले’च्या नकलेचं जगदीप यांचं उपकथानक अधूनमधून घुसतं आणि भीतीचा गळा दाबतं. कथेत भोकं, अभिनयात लाकडं, पैसे संपले म्हणून अर्धवट गुंडाळलेले शेवट, हे सगळं मान्य. प्रश्न हा आहे की वाईट कोणतं हे कोणी आणि कधी ठरवायचं. मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ १९२२ मध्ये प्राना-फिल्म नावाच्या नवख्या कंपनीने काढला, ती कंपनी लगेच बुडाली. ‘ड्रॅक्युला’चे हक्क न घेता कथा वापरली म्हणून १९२५ मध्ये जर्मन कोर्टाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तोवर काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या, म्हणून आज तो चित्रपट आहे. शॉ यांचे चित्रपट अनेक वर्षं कंपनीच्या गोदामात बंद होते. २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने सुमारे ७६० चित्रपटांचा तो साठा विकत घेतला आणि तो सावरून बाजारात आणला, तेव्हा कुठे लोकांनी ते मूळ रुंद चौकटीत, मूळ रंगांत पाहिले. दोन्ही वेळा त्या काळच्या रसिकांनी वाचवण्याजोगं ठरवल्यामुळे ते वाचले नाहीत, एकदा योगायोगाने आणि एकदा धंद्याच्या हिशोबाने वाचले. आपल्याकडे १९९३ चा ‘झपाटलेला’ घ्या. अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेली ही कथा. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू हा बाहुला आज मराठी घरांत अस्सल मराठी भूत म्हणून नांदतो. त्याची ही पुढची तीस वर्षं १९९३ मध्ये कोणाला सांगता आली असती?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि महाराष्ट्राला तो झटकून टाकता येणार नाही. हे चित्रपट चेटकीण, तांत्रिक, नरबळी विकतात आणि बाईला एकतर न्हाणीघरात नाहीतर चितेवर दाखवतात. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे सरकारी पैशाने डाकिणीचे चित्रपट जपायचे का? माझ्या मते याच कारणाने जपायचे. जतन करणं म्हणजे गौरव करणं नव्हे. डाकीण ठरवून बायकांना मारण्याच्या घटना का घडतात हे समजून घ्यायचं तर डाकिणीची प्रतिमा लोकांच्या मनात कुठून आली, पडद्याने तिला कसलं रूप दिलं, तांत्रिक कोणत्या चित्रपटात खलनायक होता आणि कोणत्यात तारणहार झाला, हे तपासायला हवं. अभ्यासकाकडे चित्रपटच नसेल तर तो ऐकीव माहितीवर बोलेल. स्त्रीदेहाच्या दर्शनाचंही तेच. त्यावर कठोर टीका व्हायला हवी, आणि ती तुटक यूट्यूब चित्रफितीवरून नीट होत नाही, कारण सेन्सॉरने काय कापलं आणि थिएटरमालकाने काय परत घुसडलं हे मूळ प्रतीशिवाय कळत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करत आहे. पी. के. नायर यांनी एकेक डबा गोळा करून ते उभं केलं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जे गेलं ते परत येणार नाही. मुंबईतलं फिल्म हेरिटेज फाउंडेशन दहाहून अधिक वर्षं मोलाचं काम करत आहे, त्यांनी सावरलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ २०२४ मध्ये कानला दाखवला गेला. मर्यादित पैशांत श्याम बेनेगल आधी की रामसे आधी, असा प्रश्न विचारला तर उत्तर सोपं वाटतं. पण इथे दोन वेगळी कामं एकत्र केली जातात. एक, चित्रपट पूर्ववत करणं: चौकटीगणिक ओरखडे काढणं, रंग जुळवणं, आवाज साफ करणं. हे महाग आहे आणि त्यात निवड करावीच लागेल. दुसरं, चित्रपट टिकवणं: डबे शोधणं, त्यांची यादी करणं, फिल्म स्वच्छ करून थंड आणि कोरड्या खोलीत ठेवणं, जमेल तेव्हा एक साधं पण प्रामाणिक स्कॅन घेणं. यात खर्च आहे, पण पहिल्याच्या मानाने थोडा. ‘मंथन’सारख्या चित्रपटाला चाहते, संस्था, वारस असतात. आज नाही तर उद्या त्याच्याकडे कोणीतरी वळेल. ज्याचा निर्माता दोन चित्रपटांनंतर धंद्यातून उठला त्या भयपटाच्या निगेटिव्हला पहिल्या टप्प्यावर कोणी हात दिला नाही तर दुसऱ्या टप्प्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून टिकवण्याच्या कामात मी स्वस्त चित्रपटांना आधी ठेवतो आणि पूर्ववत करण्याच्या कामात हवी तर निवड करा म्हणतो.

राहिला इंटरनेटचा मुद्दा. सगळं तर तिथे आहेच, असं सहज म्हटलं जातं. तिथे जे आहे ते बहुधा व्हिडिओ कॅसेटवरून किंवा दूरचित्रवाणीसाठी केलेल्या जुन्या हस्तांतरणावरून आलेलं आहे. चौकटीच्या कडा कापलेल्या, रात्रीच्या दृश्यात नुसता करडा गाळ. ज्या भयपटांचा सारा जीव अंधारात काय दिसतं आणि काय दिसत नाही यावर टांगलेला आहे ते असे पाहून वाईट ठरवायचे, हा अन्याय आहे. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं हेच झालं होतं. वितरकाने नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गाळली, त्यामुळे तो कोणालाही छापता येऊ लागला आणि पुढे कित्येक वर्षं धुरकट प्रतींत फिरला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून तो सावरला तेव्हा त्यातल्या सावल्या किती विचारपूर्वक बसवल्या होत्या हे लोकांना दिसलं. रामसेंच्या सहा चित्रपटांचा काळजीपूर्वक केलेला ब्लू-रे संच २०२३ मध्ये निघाला तो मोंडो माकाब्रो या परदेशी कंपनीकडून. चित्रपट महाबळेश्वर आणि मुंबईच्या आसपासचे, प्रेक्षक इथला, भाषा इथली, आणि ते धडपणे पाहायची सोय मात्र परदेशातून झाली.

मूळ सामग्रीची अवस्था काय असू शकते हे रसायनशास्त्र सांगतं. नायट्रेटनंतर आलेली अ‍ॅसिटेट फिल्म उष्ण आणि दमट हवेत कुजू लागते, तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते, वाकते. हे आम्ल पुढच्या कुजण्याला वेग देतं आणि शेजारच्या डब्यांनाही बाधतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक रंगीत प्रतींमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सारं चित्र गुलाबी-लाल होऊन बसतं. मुंबईत वर्षातले चार महिने हवेत पाणी असतं. लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीत एके काळी वितरकांच्या कचेऱ्यांची दाटी होती. छोट्या चित्रपटांच्या प्रती तिथून विदर्भ-खानदेशच्या थिएटरांत आणि जत्रांतल्या तंबूंत जात. त्या तंबूंचा शेवटचा काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपून ठेवला आहे. तंबूवाल्यांकडे, बंद पडलेल्या एकपडदा थिएटरांच्या माळ्यांवर, वितरकांच्या वारसांच्या गोदामांत अजून डबे असतील. संग्रहालयाने आणि राज्याच्या सांस्कृतिक खात्याने मिळून एक फिरतं पथक नेमावं, त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन हे डबे उघडावेत, वास घ्यावा, नाव नोंदवावं आणि वारसांना भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन ते पुण्याला आणावेत. डब्यावर ‘सावकारी पाश’ लिहिलं आहे की एखाद्या विस्मरणात गेलेल्या भुताचं नाव, हे पाहून गाडीत जागा द्यायची की नाही ते त्या पथकाने ठरवू नये.